बाबांच्या आठशेचा भाव

"सिंगल ओनर, घरची गाडी, शोरूम कंडिशन, कागदपत्रं क्लिअर. किंमत १,६०,००० फिक्स. टाइमपासवाल्यांनी फोन करू नये."

गाडी कुठली? मारुती ८००, मॉडेल २००४, पासिंग एमएच-२१. म्हणजे आमचं जालना. फोन केलात तर उचलणारा माणूस मात्र बहुतेक वेळा जालन्यात नसतो. तो हिंजवडीत, खराडीत नाहीतर थेट बंगळुरात असतो. गाडी अंबडला किंवा परतूरला वाड्याच्या पुढे चिंचेखाली उभी, बाबा तिच्याकडे बघत ओट्यावर बसलेले, आणि भाव ठरवणारा मुलगा चारशे किलोमीटरवर एसीत. अशा जाहिराती मी वर्षभर छंद म्हणून वाचतोय. (काही लोक पक्षी बघतात. असो.) त्यावरून माझं एक ठाम मत झालंय, ते आज मांडतो. जुन्या छोट्या गाडीची किंमत चुकीची लावली जाते आणि ती चुकीची लावणारे बाबा नसतात. आपण असतो.

बाबांना विचारा. ते म्हणतील, "पन्नास-साठ आले तरी खूप झाले रे." मग आपण मध्ये पडतो. "बाबा, तुम्हाला काही माहीत नाही. आता ही क्लासिक झाली. इन्स्टावर बघा, लोक लाखो रुपये देतात!"

कोण देतं? मला एक माणूस दाखवा, ज्याने जालन्यात २००४ च्या साध्या आठशेला दीड लाख रोख मोजले. मागणारे दाखवू नका, देणारा दाखवा.

हा मागणारा-देणारा फरक आपल्यासारख्या, दिवसभर डेटाशी खेळणाऱ्या लोकांना कळू नये याचं मला खरंच नवल वाटतं. आपण काय करतो? जाहिरातींच्या साइटवर जातो, "मारुती ८००" टाकतो, वीस गाड्यांच्या किमती बघतो, सरासरी काढतो आणि वर दहा टक्के चढवतो, कारण आपली गाडी "जपलेली". पण त्या वीस गाड्या तिथे का दिसतायत? कारण त्या विकल्या गेलेल्या नाहीत! रास्त भावाची गाडी दोन दिवसांत जाते आणि जाहिरात निघून जाते. बऱ्याचशा गाड्या तर जाहिरातीपर्यंत येतच नाहीत. गॅरेजवाल्याच्या ओळखीने, शाळेच्या स्टाफरूममध्ये, आडत्याच्या दुकानात त्यांचा सौदा होऊन जातो. उरतात त्या न खपलेल्या. म्हणजे आपण नापास झालेल्यांचे पेपर गोळा करून उत्तरपत्रिका कशी लिहावी ते शिकतोय. ऑफिसात कुणी असा डेटासेट वापरला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचं काय केलं असतं आपण?

बरं, ही "रीसेल व्हॅल्यू" नावाची जादू आली कुठून? त्याला इतिहास आहे. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. किंमत होती पन्नास हजारांच्या आसपास. त्याआधीच लाखाच्या वर बुकिंग झालेलं. तेव्हा देशात गाडी म्हणजे अँबेसेडर नाहीतर फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. नंबर लागायला वर्षं जायची. स्कूटरचंही तेच; चेतकचा नंबर लागलेला माणूस ती शोरूमच्या दारातच वरचे पैसे घेऊन विकू शकायचा. त्याला "ऑन" म्हणायचे. गाडी वापरून जुनी झाली तरी घेतलेल्या भावात किंवा जास्तीत जायची.

आपल्या वडिलांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलंय. पण तो भाव टंचाईचा होता. पत्र्याला किंवा इंजिनाला तो कधीच नव्हता. १९९३ मध्ये मोटारींवरचं लायसन्स राज उठलं, १९९८ मध्ये सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्षाच्या शेवटी इंडिका आली, आणि त्या टंचाईचा कायमचा निकाल लागला. तरी घराघरांत वाक्य शिल्लक राहिलं: "मारुतीला रीसेल आहे." होता. अजूनही आहे, पण पाच वर्षांच्या गाडीला. बावीस वर्षांच्या गाडीला रीसेल नसतो, तिला फक्त गिऱ्हाईक असतं. मिळालं तर.

आता आकडे काढू. आकडे काढल्याशिवाय माझा शनिवार जात नाही.

आधी वरून खाली. आयकराच्या हिशेबात मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. २००४ मध्ये गाडी समजा दोन लाखांना घेतली. वीस वर्षांनी कागदावर उरतात साधारण ७,७५० रुपये. विमा कंपन्यांचं कोष्टक तर पाचव्या वर्षीच ५० टक्के उडवतं आणि त्यापुढे "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून हात वर करतं. हा कागदी हिशेब आहे, बाजार इतका निर्दय नाही हे मान्य. पण "दोन लाखांची गाडी, दीड तरी येतील" असं म्हणणाऱ्याला तो एकदा दाखवायला हरकत नाही.

आता खालून वर. कुठल्याही गाडीचा तळाचा भाव म्हणजे तिच्यातल्या लोखंडाचा भाव. आणि लोखंडाचा भाव जालनेकराला कोणी शिकवायचा? "जालना सोने का पालना" ही म्हण जुनी झाली. आज जालना म्हटलं की सळई. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. आठशेचं वजन सुमारे साडेसहाशे किलो. त्यातून काच, रबर, प्लास्टिक, सीटा वजा केल्या की साडेचारशे किलोच्या आसपास लोखंड धरा. भंगाराला समजा ३० रुपये किलो भाव मिळाला. १३,५०० रुपये. हा तुमच्या गाडीचा मजला. याच्या खाली ती जाणार नाही, एवढीच खात्री.

आणि छत? छत ठरवतो गिऱ्हाईकापुढचा दुसरा पर्याय. तुम्ही मागताय त्या दीड-पावणेदोन लाखांत त्याला दहा-बारा वर्षांची ऑल्टो मिळू शकते. नाहीतर थोडं थांबून, कर्ज काढून नवीच. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा एस-प्रेसोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत साडेतीन लाखांच्या आत आली होती. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्यांची अख्खी उतरंड एकेक पायरी खाली सरकते. सगळ्यात खालच्या मडक्याला वाटतं आपल्याला काय त्याचं! पण सगळा भार त्याच्यावरच येतो.

मजला आणि छत यांच्या मधे तुमची गाडी नेमकी कुठे बसते, हे दोन गोष्टींवर ठरतं: आरसी किती वर्षं शिल्लक आहे आणि रस्त्यावर आणायला किती खर्च आहे. "डॉक्टरांनी वापरलेली" हे त्यात कुठेही येत नाही. डॉक्टरही खड्ड्यातून गाडी घालतात.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००४ ची गाडी २०१९ मध्ये एकदा, २०२४ मध्ये दुसऱ्यांदा पास व्हायला हवी होती. पूर्वी याला ६०० रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केले. उशीर केला तर दरमहा ५०० जास्तीचे. २०२४ ला सगळे पुण्यात आपापल्या रिलीजमध्ये अडकलेले, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, गाडी चिंचेखाली. आरसी संपली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दीड वर्ष गेलं असेल तर उशिराचे ९,०००, फी १०,०००, थर्ड पार्टी विमा जीएसटी धरून अडीच हजारांच्या आत, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी. बावीस हजारांच्या आसपास झाले. पर्यावरण कर आणि पीयूसी वेगळे. आणि अजून गाडी चालू झालेली नाही!

बारा इंची चार टायर, कारण उभ्या गाडीचे टायर चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतात. बॅटरी. ब्रेकचे रबर. पेट्रोलच्या नळ्या, त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जे जुन्या रबराला आणि कार्बोरेटरला मानवत नाही. गाडी कार्बोरेटरवाली आहे की एमपीएफआय, हे जाहिरातीत न लिहिणारे लोकही आहेत बरं का! तर हे सगळं मिळून वीस हजार धरा. म्हणजे घेणाऱ्याला गाडी दारात आणून रस्त्यावर उभी करायला बेचाळीस हजार लागणार. तीच गाडी आरसी २०२९ पर्यंत असलेली, चालू, कुठे तरी साठ-पासष्टला मिळत असेल, तर तुमच्या गाडीला वीस-बावीसच राहतात. भंगारापेक्षा आठ हजार जास्त.

हा एवढा साधा वजाबाकीचा हिशेब आहे. आणि तो ऐकला की लोक चिडतात. माझ्यावर!

माझे भाव विचाराल तर सांगतो, माझ्या अंदाजाने, जालन्याच्या बाजारासाठी. नव्वदच्या दशकातली, चार गिअरची, कार्बोरेटरवाली चालू गाडी: पंचवीस ते चाळीस. २००० नंतरची, आरसी दोन-तीन वर्षं शिल्लक, एसी थंड करतो: पन्नास ते पासष्ट. अगदी शेवटच्या काळातली, २०१०-१३ ची, गंज नाही, सर्व्हिसचे कागद आहेत: एक लाखाच्या आगेमागे. यापेक्षा पाच-दहा हजार जास्त मिळाले तर पेढे वाटा. दुप्पट मिळाले तर गिऱ्हाईकाला पुन्हा फोन करून तब्येत विचारा. :)

"पण क्लासिकचं काय?"

हां. या शब्दाने फार घोळ घातलाय. क्लासिक म्हणजे जुनी नव्हे. जुनी अधिक दुर्मिळ अधिक अस्सल. मारुतीने ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनवली, २५ लाखांहून जास्त. जिच्या २५ लाख प्रती निघाल्या ती दुर्मिळ कशी? १९८३ ते ८६ मधली पहिली, चौकोनी एसएस८० असेल, मूळ रंग, मूळ सीटा, मूळ नंबर आणि जिवंत कागद असतील, तर गोष्ट वेगळी. पद्मिनीचंही तसंच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून तिची काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली, त्या आठवड्यात सगळ्यांना गहिवरून आलं, आणि गावोगावच्या शेडमधल्या सडक्या पद्मिन्यांचे मालक एका रात्रीत श्रीमंत झाले. मनातल्या मनात.

सरकारच्या लेखी तर "व्हिंटेज" व्हायला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं लागतात. २०२१ चा नियम आहे. म्हणजे अगदी हरपाल सिंग यांची डीआयए ६४७९ सुद्धा २०३३ पर्यंत त्यात बसत नाही. तुमची २००४ ची बसेल २०५४ मध्ये. तेव्हा तुमचे नातू ठरवतील काय ते. शिवाय व्हिंटेज नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, टेक्निकल कामं, एवढंच.

ज्यांना खरोखर अशा गाड्यांचं वेड आहे ते लोक मी पाहिलेत. ते पत्र्याखाली वाकून टॉर्च मारतात, चासी नंबर पेन्सिलीने कागदावर घासून घेतात, आणि मग रिस्टोरेशनचा खर्च आधी वजा करून भाव सांगतात. इन्स्टावरच्या चकाचक लाल गाडीवर मालकाने दोन-तीन लाख घातलेले असतात. ते त्याला विकताना परत मिळत नाहीत, हे तो रीलमध्ये सांगत नाही. तुम्ही पैसे न घालता त्याच्या गाडीचा भाव मागताय.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते सांगतो. ही गाडी घेणारा कोण असतो? मंठ्याजवळच्या शाळेवर रोज मोटरसायकलने जाणारा शिक्षक. पावसात बायको आणि दोन पोरं घेऊन राजूरच्या गणपतीला जाताना रेनकोटची कसरत करणारा माणूस. मोसंबीच्या दोन-अडीच एकरांवर घर चालवणारा, आईला डायलिसिसला शहरात न्यायला दर वेळी भाड्याची गाडी करणारा शेतकरी. आठशे बनली होती ती दुचाकीवरून चारचाकीवर चढणाऱ्या घरासाठीच. पहिल्या आयुष्यात ती पायरी तुमच्या बाबांना मिळाली. दुसऱ्या आयुष्यात ती दुसऱ्या कुणाला मिळायला हवी. तो माणूस पन्नास हजार घेऊन येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, दार उघडून-लावून बघतो. दार "टण्" वाजतं, त्याला हसू येतं. मग तुम्ही फोनवरून सांगता, "एक साठ, फिक्स." तो बाबांना म्हणतो, "बरं काका, येतो," आणि निघून जातो. परत येत नाही.

गाडी उभी राहते. पहिल्या पावसाळ्यात तळाचा पत्रा, दुसऱ्यात वायरिंग, उंदीर. तिसऱ्यात आरसी. मग एक दिवस आईच वैतागून म्हणते, ही अडगळ न्या एकदाची. आणि जी गाडी पन्नासला एखाद्या घराची पाच वर्षं काढणार होती ती बारा-तेरा हजारांत भट्टीत. अडतीस हजार तुमचे गेले, पाच वर्षं त्याची गेली. हे सगळं कशासाठी, तर बाबांच्या गाडीचा अपमान होऊ नये म्हणून!

आठवणींना भाव आहे, कोण नाही म्हणतंय. तुम्ही तिच्यात स्टेअरिंग धरायला शिकलात, बहिणीची पाठवणी तिच्यातून झाली. पण तो भाव घेणाऱ्याने का द्यावा? त्याच्या बहिणीची पाठवणी काही तिच्यातून झालेली नाही. तुम्हाला गाडी एवढी प्रिय असेल तर ठेवा ना. खरंच ठेवा. दर पाच वर्षांनी दहा हजार भरा, दरवर्षी विमा काढा, महिन्यातून दोनदा कुणाला तरी चालवायला सांगा. समृद्धीवर मात्र नेऊ नका. चाळीसेक हॉर्सपॉवर, एअरबॅग शून्य, आणि शेजारून १२० ने जाणाऱ्या गाड्या. गावात, बाजाराला, मळ्यात फिरवा. त्याला मी कधीच हसणार नाही. हसू येतं ते न ठेवणाऱ्याला आणि न विकणाऱ्याला, जो कव्हर घालून "योग्य गिऱ्हाईक" येण्याची वाट बघतो.

विकायचं ठरलं तर दोन गोष्टी जपा, कारण यात भावापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. एक म्हणजे नाव बदलल्याशिवाय गाडी सोडू नका. "देतो करून दादा, ओळखीचा एजंट हाय आपला" हे वाक्य जालन्यात फार गोड वाटतं. पण कागदावर बाबांचं नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईत मालक म्हणून बाबाच धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. गाडी चौथ्या माणसाच्या हातात असली तरी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा नव्या नावावर, आणि जिल्ह्याबाहेरचं गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्ज काढून घेतली असेल तर आधी फॉर्म ३५ ने बँकेचा बोजा उतरवा. कर्ज २००९ ला फिटलं आणि बोजा अजून आरसीवर, अशा गाड्या भरपूर आहेत.

दुसरं, भंगारातच द्यायची वेळ आली तर हातगाडीवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे आरसी रद्द होते आणि सर्टिफिकेट मिळतं, जे नवी गाडी घेताना करात सवलतीला दाखवता येतं. नाहीतर तुमचा चासी नंबर दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरत राहील.

बाकी भाव करायचं काम बाबांवर सोडा. त्यांना माणसं ओळखता येतात, आणि समोरचा शिक्षक असेल तर ते दोन हजार कमीही करतील. करू द्या. तुम्ही फक्त मधे फोन करू नका. आणि सौदा झाल्यावर गाडीतला टेप काढून घेऊ नका. घेणाऱ्याने तो बघितलेला असतो.